दारातलं खाकरणं

"तुम्ही तिला खाली का ठेवलंत?" नीलमने विचारलं, आणि हे आपल्यालाच विचारलंय हे सुयोगला आधी कळलंच नाही.

त्याने खाली पाहिलं. प्रांजल सतरंजीवर होती. पाठीवर, हातपाय हवेत, ओठ मुडपलेले, रडण्याच्या अगदी काठावर. त्याचे हात स्वतःच्या मांडीवर होते आणि रिकामे होते. आत्ता तर ती खांद्यावर होती. मानेपाशी तिच्या लाळेचा ओला डाग अजून गार लागत होता, म्हणजे तिथे होती एवढं नक्की. मधलं काही नव्हतं. वाकलो कधी, तिच्या डोक्याखाली हात घातला कधी, ठेवली कधी, काहीच नाही. सिनेमाच्या रिळातला तुकडा कोणीतरी कापून टाकावा आणि दोन टोकं चिकटवून द्यावीत तसं. समोर खुर्चीत नीलम बसली होती, आणि आतल्या खोलीच्या पडद्यापाशी बाबा उभे होते, एक हात पोटावर धरून. हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्यांचा हात तिथेच असायचा. मग प्रांजलने भोकाड पसरलं. बाबांना वजन उचलायची बंदी. ते नुसते बघत राहिले, सुयोग नुसता बघत राहिला, आणि शेवटी मानसी ओट्यापासून ओले हात पुसत आली आणि तिने पोरीला उचललं.

"मी आल्यापासून दुसऱ्यांदा झालं," नीलम म्हणाली. आवाजात ठपका नव्हता, शेजारीण विचारते तसं विचारत होती. "आजोबा बाहेर आले की तुम्ही बाळ ठेवून देता. सहज दिसलं म्हणून म्हटलं. चहा छान झालाय हं, मानसी."

नीलम मुलुंडहून आली होती. एका संस्थेत होती, आणि ती संस्था सुयोगच्या कंपनीसाठी 'बापांचा वर्ग' चालवायची. कंपनी लिफ्ट बनवायची, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत. यंदापासून तिथे बापांनाही भरपगारी रजा मिळू लागली होती. आईची संपली की बापाची सुरू, अशी लागोपाठ. अट एवढीच की शनिवारी वर्गाला बसायचं आणि एकदा संस्थेच्या बाईंना घरी येऊ द्यायचं. कारखान्यात बरोबरच्या धवलने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सुयोगभाई, घरी बसून तू करणार काय? दूध उतरणार आहे काय तुला?" सुयोग हसला होता. रजा मागणारा तो तिसराच. पहिल्याने गावचं घर रंगवून घेतलं होतं, दुसरा नुसत्या झोपा काढून आला होता. सुयोगला मात्र खरोखर पोर सांभाळायचं होतं, कारण सोमवारी मानसी घाटकोपरच्या तिच्या लॅबमध्ये परत रुजू होणार होती. आणि प्रांजल सुयोगच्या हातून जेवत नव्हती.

नीलम गेली, कप उचलले गेले, पण प्रश्न सतरंजीवर तसाच पडून राहिला. सुयोगला राग आला नाही. लाजही नाही, किंवा आली ती नंतर. आधी वाटलं ते नवलच. चौतीस वर्षं वापरलेले आपलेच हात, आणि ते आपल्या पाठीमागे काहीतरी उद्योग करतात? टेस्टिंगला आलेली लिफ्ट कधीकधी अशी वागते. कोणी बटण दाबलेलं नसतं, तरी तिसऱ्या मजल्यावर थांबते, दार उघडते, कोणी नाही, दार मिटते. नवीन पोरं म्हणतात भूत आहे. भूत नसतं. कुठेतरी एखादी वायर दुसऱ्या वायरला टेकलेली असते. सिग्नल येत असतो, आपल्याला तो दिसत नसतो एवढंच. मग या हातांना सिग्नल कोण देतं?

"तिने काय खाल्लं दुपारी?" संध्याकाळी मानसीने विचारलं.

"नाचणीचं सत्त्व. दोन चमचे. मग फुर्र."

"म्हणजे भिंतीने खाल्लं."

"भिंतीने जास्त खाल्लं."

मानसी हसली आणि हसताहसता थांबली. ती प्रांजलच्या पायांना तेल लावत होती. "सोमवारी मी जाऊ का नको, एवढंच सांग. डॉक्टर मॅडमनी जागा ठेवलीय माझी, पण किती दिवस ठेवतील? लॅबमधली शीतल त्या जागेवर टपूनच बसलीय. मी रागावत नाहीये रे. पण इथे ही उपाशी असेल तर तिकडे मी बाटल्यांवर नावं चिकटवत बसू काय? माझ्याकडे खाते, बाबांचं ऑपरेशन व्हायच्या आधी त्यांच्याकडेही खायची. तुझ्याकडेच काय होतं तिला?" मग तेलाची वाटी बाजूला सारत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "रविवारपर्यंत बघते. नाहीतर मॅडमना फोन करते, येत नाही म्हणून."

तुझ्याकडेच काय होतं तिला. ती जे बोलली नव्हती तेही त्याला ऐकू आलं: तिला वाटतं, तू केव्हाही सोडून देशील. आणि सहा-सात महिन्यांच्या पोरीला असं वाटत असेल तर तिचं चुकलं कुठे? तिच्या बाजूने बघायचं तर सगळं सरळ होतं. या माणसाच्या खांद्यावर आपण असतो, मग नसतो. पूर्वी लगेच दुसरे हात यायचे, सुरकुतलेले, तंबाखूच्या वासाचे. हा ठेवायचा, ते उचलायचे, म्हणून ठेवणं कोणाच्या डोळ्यावर आलंच नव्हतं. आता ते हात येत नाहीत. आता नुसती सतरंजी. अशा माणसाच्या हातचा चमचा तोंडात कोण घेईल? चमच्यातला घास अर्ध्यावर असताना तो गायब झाला तर?

वर्गातला पहिला शनिवार त्याला आठवला. नीलमने प्रत्येकाला कापडी बाहुलं दिलं होतं, आत वाळू भरून जड केलेलं. हे धरून बसा, म्हणाली, आणि मग दुसरंच काही बोलत राहिली, लसींचं, झोपेचं. बऱ्याच वेळाने म्हणाली, हात कोणाचे भरून आले? सगळ्यांनी हात वर केले. ती म्हणाली, बघा, बाळं खाली टाकून हात वर केलेत तुम्ही. सगळे खो खो हसले. त्याच दिवशी तिने विचारलं होतं, वडिलांनी आपल्याला उचलून घेतलेलं कोणाकोणाला आठवतं? वर्गातला सुशांत म्हणाला, "मला उचलून आपटलेलं आठवतंय, चालेल?" परत हशा. सुयोगकडे सांगण्यासारखं होतं ते फक्त एक लोखंडी टाकी. काळी, भली मोठी, आणि तिचं बूड. खालून बघितल्यासारखं. बुडाला गंजाचा पापुद्रा, त्यावर लोंबणारा पाण्याचा थेंब, पडतो पडतो म्हणत न पडणारा. मशीनच्या तेलाचा वास. आणि हलणं, सावकाश, तालात, वर खाली. बस्स. यात बाप कुठेच नव्हता. कदाचित हे स्वप्न असेल, कदाचित कुठल्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या कामावर बघितलेलं काही. वर्गात सांगायचं काय, मला टाकी आठवते?

शुक्रवारी सकाळी त्याने तिला ठरवून घेतलं. या वेळी बघायचंच. डावा हात बुडाखाली, उजवा पाठीवर, आणि सगळं लक्ष हातांवर. तिचा श्वास गळ्याशी लागत होता, केसांना कालच्या तेलाचा वास होता. आत खाट करकरली. चपला सरपटल्या. त्याने बोटं मोजल्यासारखी एकेक मनात आणली, हे अंगठे, ही करंगळी, आता पडद्याच्या कड्या वाजतील आणि आता आपण नीट बघणार आहोत की नेमकं

प्रांजल सतरंजीवर होती.

बाबा पेपर घेऊन खिडकीपाशी बसले. पोरगी रडायला लागली. सुयोगला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं, आणि खोकल्यावर तो दचकला. कारण तो आवाज आत्ताच ऐकला होता. आपला नव्हे. त्याच्या आधीचा. पडदा सरकायच्या आधी काहीतरी होतं. रोज असतं. इतकं रोज असतं की पंख्याच्या आवाजासारखं ऐकू येत नाही. बाबा खाकरतात. दारात येऊन थांबतात, एकदा खाकरतात, मग आत येतात. पूर्वीपासून. डॉक्टरांनी बजावलं होतं, टाक्यांवर ताण नको, खोकला आला तर पोटाशी उशी धरा. तरी दारात येऊन, पोट हाताने दाबून धरून, कळ सोसत, हा माणूस मुद्दाम खाकरत होता. कशासाठी?

शनिवारी वर्गाला जायच्या आधी त्याला उत्तराचं अर्धं टोक सापडलं, तेही कुकरच्या कृपेने. तो प्रांजलला खांद्यावर घेऊन उभा होता, ओट्यावर कुकरने शिट्टी धरली आणि सोडेचना. शिट्टी थांबली तेव्हा बाबा पडद्याच्या अलीकडे उभे होते. आत आलेले. खाकरले असतीलच, पण शिट्टीने ते गिळलं होतं. आणि प्रांजल खांद्यावरच होती. हात जिथल्या तिथे. म्हणजे बाबांमुळे नाही. आवाजामुळे. त्याला टेस्टिंगमध्ये बिघाड सापडल्यावर होतो तसा आनंद झाला, आणि तो आनंद बाबांच्या चेहऱ्यावर जाऊन आपटला. बाबांनी त्याला पाहिलं, पोरीला पाहिलं, आणि नजर अशी काढून घेतली की जणू त्यांनी चुकून न्हाणीघराचं दार उघडलं होतं. वळले. आत गेले. पडदा हलत राहिला.

म्हणजे त्यांना आवडत नाही. बापाने पोर मिरवणं त्यांना चालत नाही. हे कळल्यावर लालबागच्या चाळीतली लहानपणची खोली आठवणीत आपोआप उघडली. दादू, सुयोगचे आजोबा, गिरणीतली नोकरी सुटल्यावर दिवसभर गॅलरीत बसायचे आणि नातू त्यांच्या मांडीवर. आज्याने नातवाला कितीही मिरवावं, त्याला मुभा. पण मुलाने वडिलांच्या देखत आपलं पोर उचललं तर तो निर्लज्जपणा. बायकोशी लगट केल्यासारखंच ते. घरातले सगळे फोटो असेच होते: आजोबांच्या कडेवर सुयोग, आजोबांच्या खांद्यावर सुयोग, आणि कडेला बाबा, हात पाठीमागे बांधून, फोटोत चुकून आलेल्या शेजाऱ्यासारखे. लहानपणी त्याला वाटायचं, बाबांना आपण आवडत नाही. मोठेपणी वाटेनासं झालं, पण वाटेनासं होणं म्हणजे काही कळणं नव्हे. आणि आता कंपनी पगार देऊन, बाई पाठवून, वाळूची बाहुली देऊन त्याला जे शिकवत होती, ते त्याच्याच घरात एका घशाच्या आवाजाने पुसून टाकलं जात होतं.

वर्गात त्याने हे नीलमला सांगितलं. बाकीचे चहा पीत होते. तिने सल्ला दिला नाही. म्हणाली, "विचारलंत का त्यांना?"

"काय विचारू? बाबा, तुम्ही खाकरता का?"

"मग? चांगला प्रश्न आहे." तिने कप खाली ठेवला. "माझे वडील घरात येताना सायकलची घंटी वाजवायचे. सायकल विकली त्यालाही वर्षं झाली, तरी तोंडाने वाजवायचे. आम्ही कधी विचारलंच नाही. आता विचारायला ते नाहीत."

रविवारी मानसी बाजारात गेली होती, प्रांजल झोपली होती, आणि बाबा परातीत जवळा निवडत होते. सुक्या जवळ्याचा वास घरभर. सुयोग समोर बसला आणि तोही निवडू लागला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी ड्रिल मशीन चालवत होतं. ते थांबलं तेव्हा त्याने विचारलं.

"बाबा, तुम्ही आत येताना खाकरता का?"

"म्हणजे काय? माणूस सांगून येतो. सून असते घरात."

"आत्ता मानसी घरात नाही. मघाशी पण खाकरलात."

बाबा निवडत राहिले. एक बारीक खडा काढून पेपरवर ठेवला. "सवय."

"टाके दुखतात तुमचे."

"दुखतात."

"मग?"

मग बाबा परातीकडे बघूनच बोलले, आणि बोलता बोलता त्यांची भाषा गावाकडे वळली, जशी ती फक्त सुयोगच्या आईशी बोलताना वळायची. "सांजेक भायरसून येताना तुझो आजो जिन्यावर खाकरायचो. खालच्या मजल्यापासून. पाय वाजायच्या आधी त्याचो घसो वाजायचो. कित्याक, सांग बघू."

"धाक दाखवायला."

"खुळो काय तू?" बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "माका वेळ मिळाक व्हयो म्हणून. तू माझ्याकडे असायचंस ना. कामावरून येऊन मी तुका घेऊन बसलेलो असायचंय. तो तसोच आत इलो असतो तर मी घावलंय असतंय. त्याका सगळा म्हायत होता रे. म्हणून खालसून खाकरायचो. तेवढ्यात मी तुका खाली ठेवायचंय. तो येऊन तुका उचलायचो. त्याने माका कधी बघितला नाय, मी त्याका कधी दिसलंय नाय. झाला. कोणाची अब्रू गेली नाय."

ड्रिल पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. सुयोगच्या बोटांत एक जवळा होता, तो त्याने बराच वेळ धरून ठेवला.

"आणि तुम्ही आता..."

"मी पण तुला वेळच देतो." बाबा पुन्हा मुंबईच्या मराठीवर आले, हिशेब मिटवल्यासारखे. "काल शिट्टीत चुकलं. मला वाटलं, तू ओशाळलास. म्हणून परत गेलो."

सगळं उलट होतं. नापसंती नव्हतीच तिथे कधी. तीन पिढ्या एकमेकांना सवड देत होत्या, इतक्या मायेने की ते पोर दर वेळी जमिनीवर जात होतं. आणि सुयोगचे हात ते शिकले कुठून? त्याने कोणाला ठेवताना पाहिलेलं नव्हतं, तो तर ठेवला जाणारा होता. खाकरणं, मग पाठीखालची ऊब जाणं, मग गार जमीन. हे त्याच्या हातांना नव्हे, पाठीला माहीत होतं. पाठीने हातांना सांगितलं असेल? असं होतं का? विचारणार कोणाला? तो एकदम म्हणाला, "बाबा, एक टाकी होती का? काळी. वर थेंब लोंबायचा."

बाबांचा हात परातीत थांबला. "गच्चीवर होती. तिच्याखाली सावली असायची. तिथे कोण येत नसे." मग थोड्या वेळाने, "तुला कसं आठवेल ते? दात नव्हते तुला."

टाकीत बाप नव्हता, कारण बापाच्या हातातून बघितलं की बाप दिसत नाही. दिसतं ते वरचं. सुयोग म्हणाला, "उद्यापासून खाकरू नका. आत या. मी ओशाळणार नाही."

बाबा जवळा पाखडायला उठले.

रात्री जेवताना मानसीने विचारलं, "मग, मॅडमना काय सांगू?" सुयोग म्हणाला, "जा." ती म्हणाली, "ती खाईल?" तो म्हणाला, "माहीत नाही. पण आता मी तिला खाली ठेवणार नाही." त्याने तिला सगळं सांगितलं, तरी तिच्या चेहऱ्यावर एवढंच राहिलं की या घरातले पुरुष ठार वेडे आहेत आणि हे लग्नाआधी कोणीतरी सांगायला हवं होतं. सोमवारी सकाळी ती मेट्रोकडे निघाली, जिन्यावरून दोनदा परत आली, एकदा छत्रीसाठी, एकदा कशासाठीच नाही. "नाही जमलं तर अर्ध्या दिवसाने मी निघते. फोन उचल फक्त."

आणि आता तो सतरंजीवर मांडी घालून बसला आहे. प्रांजल डाव्या हाताच्या कोपरात आहे, वाटी उजव्या गुडघ्याशी, चमचा हातात. पहिला चमचा भिंतीचा. दुसरा त्याच्या शर्टाचा. ती त्याच्याकडे बघत नाही, पडद्याकडे बघते आहे. तिलाही माहीत आहे कुठून येतं ते. आत खाट करकरते. चपला सरपटतात आणि थांबतात. पडद्याखाली बाबांचे अंगठे दिसतात, नखं वाढलेली, ऑपरेशननंतर त्यांना वाकता येत नाही, आज कापून द्यायला हवीत. अंगठे हलत नाहीत. पडद्याच्या पलीकडे एक माणूस दोन पिढ्यांची सवय घशात धरून उभा आहे, आणि अलीकडे एकाचे हात वाट बघतायत. सिग्नल येत नाही. सिग्नल येत नाही तेव्हा हातांनी काय करायचं असतं? ते नुसते असतात. जड, घामेजलेले, भरून आलेले. वाळूच्या बाहुलीपेक्षा ही हलकी आहे, आणि तरी.

कड्या वाजतात. बाबा आत येतात. काही न सांगता, चोरासारखे, स्वतःच्याच मुलाच्या घरात. कुठे बघावं त्यांना कळत नाही. खिडकी, कॅलेंडर, पंखा. खुर्चीत बसतात, पेपर उघडतात, पेपर उलटा आहे की सुलटा देव जाणे. आणि मग, इतका वेळ दाबलेला तो घसा शेवटी त्यांचं ऐकत नाही. खरा खोकला येतो. मोठा, पोटातून, दोन्ही हातांनी पोट आवळत.

सुयोगचे हात खाली जातात.

लिफ्टमध्ये माणूस चढला की ती किंचित बसते, बोटभर. चढणाऱ्याला ते जाणवतं. मग लिफ्ट आपली आपण पुन्हा मजल्याला लागते. तिला तसंच बनवलेलं असतं. बसणं हा बिघाड नाही. हात बोटभर खाली गेले, प्रांजलने श्वास रोखला, आणि हात वर आले. ती अजून तिथेच होती. तिने पडद्यावरची नजर काढली आणि वर बघितलं, त्याच्या हनुवटीकडे, नाकपुड्यांकडे, जे काय खालून दिसत असेल त्याच्याकडे, बराच वेळ, एखादी नवी वस्तू बघावी तसं.

"चमचो आडवो धर," पेपरमागून आवाज आला. "तोंडात कोंबू नको. ओठाक लाव, ती आपणच ओढतली."

त्याने चमचा आडवा केला. ओठाला लावला. सत्त्वाचा एक थेंब चमच्याच्या टोकाला लोंबत राहिला, पडतो पडतो म्हणत. मग तो आत गेला. ओढल्याचा बारीक आवाज आला.

ओट्यावर फोन वाजू लागला. मानसी. सुयोग उठू शकत नव्हता, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात चमचा. फोन वाजत राहिला. बाबा पेपर ठेवून उठले, पोट धरत ओट्यापाशी गेले, फोन कानाला लावला आणि घसा साफ न करता बोलले, मोठ्याने, गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा चाळीतल्या आवाजात:

"मानसी, मागाहून कर. त्याचे हात मोकळे नाहीत. पोरगी घेऊन बसलाय."